भांडणाची मराठी

आमच्या राजापूरच्या बाजूला उत्तरेकडच्या माणसांना ‘परदेशी’ म्हणत. मुंबईत दूध घालणारा परदेशी, गिरणीच्या दारावरचा दरवान परदेशी. त्यामुळे माझ्या रेल्वेतल्या नेमणुकीचा कागद आला आणि त्यात झाशी हे गाव निघालं, तेव्हा आमच्या वडिलांनी तो दोनदा वाचून सरळ निकाल दिला, परदेशी जिथून येतात तो परदेश. ओटीवर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले, “मुलगी परदेशात चालली.” मला भयंकर राग यायचा. बोट लागत नाही, पासपोर्ट लागत नाही, घरच्या पत्रालाही नेहमीचंच तिकीट, मग परदेश कसला? झाशीला उतरल्यावर दहा मिनिटांत कळलं की वडील बरोबर होते. ते बरोबर निघाले याचा तर आणखीच राग आला.

दिवस मे महिन्याचे होते. फलाटावर पाऊल ठेवलं आणि भट्टीचं दार उघडावं तशी तोंडावर झळ आली. मी मुंबईत मामाकडे राहून टंकलेखन शिकले होते, हिंदीच्या तीन परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाले होते. त्या बळावर मी हमालाला म्हटलं, “महाशय, कृपया यह पेटी उठाइए.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या हमालाकडे पाहिलं. “का कै रईं?” त्यानं त्याला विचारलं. म्हणजे, काय म्हणतायत या? दुसऱ्यानं मान हलवली. शेवटी मी पेटीकडे बोट दाखवलं आणि डोक्याकडे बोट दाखवलं, तेव्हा ती उचलली गेली. तीन परीक्षा तिथंच संपल्या.

मला वाटलं होतं की एखाद्या कचेरीत बसवतील, समोर टंकयंत्र असेल. मला बसवलं स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीत. वर पाटी ‘पूछताछ’. आत दोन उंच स्टुलं, एक टेलिफोन, एक फळा, आणि शेजारच्या स्टुलावर माझे सहकारी. उंच, हडकुळे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, केसांना चपचपीत तेल. ते दिवसभर शेंगा खात. कुणीही येऊन कुठल्याही गाडीचं विचारलं की ते शेंग फोडता फोडता तीनच शब्दांत उत्तर देत, “आती ही होगी.” येतच असेल! तासभर उशीर असला तरी येतच असेल, पाच तास असला तरी येतच असेल.

मला हे सहनच होईना. टेलिफोन हाताशी आहे, तो उचलून विचारावं की गाडी कुठवर आली, फळ्यावर वेळ लिहावी, माणसं निवांत बसतील. मी तसं करायला लागले. फोन लावून वेळ विचारायची, ठळक अक्षरात फळ्यावर लिहायची. मग लोक फळ्यासमोर उभे राहून, तो वाचून, खिडकीत येऊन विचारायचे, “गाडी कब आएगी?” मी फळ्याकडे बोट दाखवायची. ते म्हणायचे, “वो तो लिखा है. आएगी कब?” शेजारून आवाज यायचा, “आती ही होगी.” आणि माणूस समाधानानं निघून जायचा.

त्यात ती ‘कल’ची कटकट. हिंदीत काल म्हणजे कल आणि उद्या म्हणजेही कल, हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. पण खिडकीवर एक धोतरवाले गृहस्थ येतात आणि विचारतात, “जो गाड़ी कल आठ बजे आई थी, वो कल भी आठ बजे आएगी?” आणि मागे वीस माणसं उभी असतात, तेव्हा माणसाचं डोकं कसं चालणार? मी एकीला काल निघून गेलेल्या गाडीची वेळ उद्याची म्हणून सांगितली. ती दुसऱ्या दिवशी भांडायला आली. तिचं सगळं भांडण मला कळलं नाही, पण त्याचा सूर कळला.

अशा वेळी माणसानं करायचं काय? मी मराठीत बडबडायला लागले. समोरच्याशी हिंदीत गोड बोलायचं आणि मान वळवून, स्वतःशीच बोलल्यासारखं, शेजारच्या स्टुलाला उद्देशून मराठीत मोकळं व्हायचं. “ठोंब्या, जरा फोन उचललास तर हात झडेल का तुझा?” “देवानं तोंड दिलं ते काय शेंगा खायलाच?” “म्हसोबासारखा बसलाय नुसता. शेंदूर तेवढा फासायचा राहिलाय.” ते आपले शांतपणे शेंगा फोडत असत. कधी कधी सोललेल्या दाण्यांची मूठ माझ्या पुढ्यात ठेवत. मला त्याचीही चीड यायची. मी दाणे खाऊन टाकायची आणि म्हणायची, “मख्ख मेला.”

जेवणाची तऱ्हा वेगळीच. कचेरीत बायकांना बसायला जागा नव्हती, कारण कचेरीत बाई मी एकटीच होते. पहिल्या दिवशी डबा घेऊन बायकांच्या वेटिंग रूमकडे गेले. दारात तिथली सांभाळणारी बाई बसली होती, पन्नाशीची, ठसठशीत, कपाळावर गोंदण, पायात चांदीची जाड कडी. सगळं स्टेशन तिला जिज्जी म्हणायचं, म्हणजे थोरली बहीण. मूळची मऊरानीपूरकडची. तिनं मला अडवलं.

“टिकट दिखाओ, बिन्नू.” बिन्नू म्हणजे पोरी.

“मैं यहाँ काम करती हूँ.”

“सो काम करो. बैठबे खों टिकट चाने.”

काम करायला तिकीट नको, बसायला हवं. मी चिडून परत गेले आणि वजनकाट्याजवळ उभ्यानं जेवले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. आठ दिवस मी वजनकाट्याजवळ जेवले, आणि आठही दिवस ती बाई दारातून माझ्याकडे पाहत होती. ना दया ना राग.

नवव्या दिवशी मला लू लागली, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातली झळ. खिडकीतच डोळ्यांपुढे काळोखी आली. मी तोंड धुवायला म्हणून बाहेर पडले आणि फलाटावरच बसले. कुणीतरी मला उचलून नेलं. डोळे उघडले तेव्हा वेटिंग रूममधल्या वेताच्या बाकावर आडवी होते, तळपायांना कांदा चोळला जात होता, आणि जिज्जी दारातल्या एका रेशमी साडीवाल्या बाईला सांगत होती की आत जागा नाही. ती बाई पहिल्या वर्गाचं तिकीट नाचवत होती. जिज्जीनं तिकीट नीट पाहिलं, परत दिलं आणि म्हणाली, “टिकट ठीक है. जागा नइयाँ.”

मग तिनं मला भाजलेल्या कैरीचं पन्हं पाजलं. आमच्याकडे पन्ह्यात गूळ आणि वेलची. तिच्या पन्ह्यात पुदिना, काळं मीठ, भाजलेलं जिरं. मी पहिला घोट घेऊन तोंड वाकडं केलं. ती खदाखदा हसली. त्या दिवसापासून मी आत बसून जेवू लागले.

जिज्जीशी मैत्री झाली असं मी म्हणते, पण निम्मा वेळ आम्ही एकमेकींवर वैतागलेल्या असायचो. तिच्या बुंदेलीत ‘का’ म्हणजे आमचं ‘काय’, आणि ‘काय’ म्हणजे आमचं ‘का’. मी भाजी दाखवून विचारायची, “काय?” ती म्हणायची, “भूक लगी हुइए, सो लाए.” ती मला विचारायची, “काय नईं खा रईं?” आणि मी सांगायची, भात खात नाहीये. ती कपाळाला हात लावायची. मला प्रेम नगरात भाड्याची खोली मिळवून दिली तीही तिनंच, तिच्या ओळखीनं. तिथली घरमालकीण रोज सकाळी नळावर तोच प्रश्न विचारायची, “शादी काहे नहीं हुई?” जणू रात्रीत झाली असती. मी महिन्याला एक अर्ज मुंबईच्या बदलीसाठी टाकत होते. एकाचंही उत्तर नव्हतं.

असे चार महिने गेले. पाऊस सरला, नवरात्र तोंडावर आलं. एक दिवस मी जेवून परत येत होते. खिडकीच्या मागच्या लाकडी पडद्याशी आले आणि आतून मराठी ऐकू आलं. बाईचं रडं होतं, म्हातारं, साताऱ्याकडच्या बोलीतलं. मथुरा-वृंदावन करून परत निघालेली आजी पाणी भरायला उतरली होती, आणि तिची सोबतची सगळी मंडळी गाडीबरोबर पुढे गेली होती. मी घाईनं आत शिरणार, तेवढ्यात दुसरा आवाज आला.

“आजी, रडा नको. तुमचे लोक आहेत ना, ते ललितपूरला उतरून जातील. मी आत्ता फोन करतो. तुमचा नाव काय आहे? काही खाल्ली का तुम्ही?”

लिंगं सगळी चुकलेली, वाक्यं हिंदीच्या साच्यातली, पण मराठी होती. आणि मग टेलिफोन उचलल्याचा आवाज आला. ज्या टेलिफोनवरून मी या माणसाला चार महिने सोलून काढलं होतं, तोच टेलिफोन.

मी पडद्यामागे उभीच राहिले. ठोंब्या. मख्ख मेला. म्हसोबा. एकेक शब्द कानाशी परत यायला लागला. शेंदुराचं आठवलं तेव्हा मी खरोखर भिंत धरली.

आजीचं काम आधी होतं. तिला जिज्जीकडे बसवलं. त्या दोघी दुपारभर आपापल्या भाषेत बोलत बसल्या आणि त्यांना एकमेकींचं सगळं कळलं. माझ्या तीन परीक्षांचा अपमान झाला तो वेगळाच. ललितपूरहून निरोप आला, मंडळी खाली उतरून थांबली होती. चारच्या गाडीनं आजीला गार्डाच्या ओळखीत बसवून दिलं. जाताना तिनं माझ्या सहकाऱ्यांच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मग आम्ही दोघं खिडकीत परत आलो. मी स्टूल त्यांच्याकडे वळवलं.

“तुम्ही मराठी?”

“जी.”

“जी काय? मराठीत सांगा.”

“हो. पण बोलायला नाही जमत. समजतं सगळं.”

“सगळं?”

त्यांनी हातातल्या शेंगेकडे पाहिलं. “म्हसोबा नाही समजलं. बाकी सगळं.”

“मग चार महिने तोंडाला काय कुलूप होतं?”

त्यांनी शेंग न फोडताच खाली ठेवली. मग अडखळत म्हणाले, “बोललो असतो तर तुम्ही थांबल्या असत्या.”

“थांबायलाच हवं होतं!”

“आमच्या घरी मराठी आता फक्त आरतीला निघते. भाऊ, वहिनी, सगळे हिंदीत बोलतात. मराठीत भांडत कोणीच नाही.” मग पुढचं त्यांना मराठीत सापडेना. “सुनने में अच्छा लगता था,” ते म्हणाले.

त्यांचे कुणी पूर्वज दीडदोनशे वर्षांपूर्वी साताऱ्याहून मराठी फौजेबरोबर दप्तर सांभाळायला इकडे आले आणि इथलेच झाले, हे मला जिज्जीनं सांगितलं. “तुला माहीत होतं?” मी किंचाळले. तिनं खांदे उडवले, “सबखों मालूम हतो.” सगळ्या स्टेशनाला ठाऊक होतं. हमालांना ठाऊक होतं, चहावाल्याला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

मी दहा दिवस त्यांच्याशी फक्त पुस्तकी हिंदी बोलले. “कृपया खड़िया दीजिए.” “धन्यवाद.” पण त्यात माझीच पंचाईत झाली. चिडायला जागाच उरली नाही. लोक येऊन डोकं खात होते आणि मला बाजूला मान वळवून एक शब्द टाकता येत नव्हता. पोटात नुसतं साचत होतं. अकराव्या दिवशी एक जण ‘कल’चा गुंता घेऊन आला, तो गेला, आणि माझा बांध फुटला. “या लोकांना दोन दिवसांना दोन शब्द ठेवायला काय झालं होतं?”

शेजारून मराठीत उत्तर आलं. “तुमची मराठीत तरी काय आहे? सासूबाईची बहीण पण मावशी आणि आईची बहीण पण मावशी.”

“तुमची नाही, तुमच्या! तुमच्या मराठीत. आणि सासूच्या बहिणीला मावससासू म्हणतात.”

“मग मला काय माहीत? मला सासूच नाही.”

आणि आम्ही भांडलो. चांगलं पाऊण तास भांडलो, गिऱ्हाइकं सांभाळून. त्यांच्या प्रत्येक वाक्यातलं एक लिंग मी दुरुस्त करत होते आणि ते दुरुस्तीसकट पुढचं वाक्य चुकत होते. खिडकीसमोर दहा माणसं उभी राहून आमच्याकडे पाहत होती, गाडीचं कुणी विचारतच नव्हतं. संपलं तेव्हा माझा घसा बसला होता. चार महिन्यांत इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी दाण्यांची मूठ पुढे केली. मी म्हटलं, “म्हसोबा म्हणजे गावाच्या शिवेवरचा देव. दगडाचा असतो.” त्यांनी ते मनापासून ऐकून घेतलं आणि विचारलं, “पावतो का?” आता याला काय म्हणावं?

त्यांच्या वहिनींनी मला दिवाळीत जेवायला बोलावलं. शहरातलं घर, अंगण, तुळस, सगळं आमच्यासारखं. वहिनी हिंदीत म्हणाल्या की बसा, आणि मग आठवून मराठीत म्हणाल्या, “मी जरा मुदपाकात आहे.” मुदपाक! आमच्याकडे स्वैपाकघर असतं. मुदपाकखाना मी फक्त इतिहासाच्या पुस्तकात वाचला होता. तिथं या बाई शिरा हलवत होत्या. मला हसू आवरेना आणि त्या मला म्हणाल्या, “दक्षिणी लोकांचं काही समजत नाही बाई.” मी दक्षिणी! यांचे पूर्वज साताऱ्याचे आणि दक्षिणी मी.

जानेवारीत इतकी थंडी पडली की माझ्याजवळचे कपडे पुरेनात. ते मला लोकरीचा कोट घ्यायला सदर बाजारात घेऊन गेले. हातात सायकल, मी शेजारून चालतेय. तीन दुकानं झाली, मला एकही रंग पसंत पडेना आणि ते प्रत्येक रंगाला “अच्छा है” म्हणत होते. मी वैतागून म्हटलं, तुमचं स्वतःचं काही मत असतं की नाही? तेव्हा ते थांबले, सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली.

“आहे. माझी तुमच्याशी लग्न...”

“माझं.”

“माझं लग्न. नाही, माझं एकट्याचं नाही. आपली लग्न...”

“आपलं! लग्न ‘ते’ आहे. आपलं लग्न.”

“आपलं लग्न?”

“हां, आपलं लग्न. आता बरोबर.”

ते माझ्याकडे बघत राहिले. दुकानदारही बघत राहिला. मी काय बोलून बसले ते माझ्या ध्यानात आलं, आणि मी समोरचा पहिला कोट उचलला. तो शेवाळी रंगाचा होता, मला मुळीच शोभत नव्हता. मी तो सात हिवाळे वापरला.

वडिलांचं चार पानी पत्र आलं. मराठी असून मराठी बोलत नाही, हा कसला मराठी, असं विचारलं होतं. मी सहा पानी उत्तर लिहिलं. त्याच आठवड्यात माझी बदली मंजूर झाल्याचा हुकूम आला. आठ महिने एका ओळीचं उत्तर नाही, आणि आता मुंबई. ती रद्द करायचा अर्ज करायला गेले तर कारणाच्या रकान्यात काय लिहू सुचेना. ‘घरगुती’ लिहिलं. साहेब म्हणाले की बदली मागताना पण हेच कारण लिहिलं होतं. मी म्हटलं, हो साहेब, घर बदललं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. जिज्जीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आम्ही कुठं जाऊ दिलं असतं तुला? आणि माझ्या अंगावर ओरडली, इतके अर्ज तिला न विचारता केलेच कसे म्हणून. महिनाभर तिनं ते ऐकवलं.

लग्न झाशीतच झालं. जिज्जी माझ्या बाजूनं, आमच्या आईच्या शेजारी बसली होती. वडील लग्नात शेवटपर्यंत जावयाशी थोडे तुटकच वागले.

पुढच्या वैशाखात आम्ही राजापूरकडे गेलो. मला काळजी होती. आमच्याकडची मराठी भरभर, अनुनासिक, त्यात मालवणीचे हेल. यांचं कसं व्हायचं? पहिले दोन दिवस ते गप्पच होते. काकूनं मला बाजूला घेऊन विचारलं, “जावयांना ऐकायला कमी येतं का गो?” मी रात्री त्यांना दटावलं, जरा बोला. तिसऱ्या दिवशीपासून ते बोलायला लागले, तसेच, सगळी लिंगं चुकवून, प्रत्येकाला ‘जी’ लावून. काकूजी, आत्याजी, भाऊजी. समोरच्या दुकानदाराला दुकानजी म्हणाले म्हणतात. आणि आमचं अख्खं गाव त्यांच्यावर लुब्ध झालं. सकाळी ते पडवीत बसले की माणसं जमायची. ते झाशीच्या गाड्यांच्या गोष्टी सांगायचे, ज्यांनी जन्मात इंजिन पाहिलं नव्हतं ते तोंडात बोट घालून ऐकायचे. काकू त्यांच्यासाठी रोज फणस फोडायची. वडील आतून खोकायचे, आणि आठव्या दिवशी तेही बाहेर येऊन बसले.

मी मात्र मागच्या दारी भांडी घासत होते. झाशीत मला एक मैत्रीण जोडायला लू लागावी लागली, आणि हा माणूस आठ दिवसांत सारी आळीच्या आळी जोडून बसला होता, तेही मराठीचं व्याकरण पायदळी तुडवून.

परतीच्या दिवशी एस.टी. उभी होती. मी सामान वर चढवून, खिडकीची जागा धरून बसले होते. खाली पंधरा माणसं आणि मध्ये हे. कुणी कोकम देतंय, कुणी आंबापोळी, कुणी पत्ता लिहून घेतंय. कंडक्टरनं दोनदा घंटा दिली. ड्रायव्हर मागे वळून मला म्हणाला, “बाई, तुमचे आहेत का ते? बोलवा की जरा.”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि भर स्टँडावर ओरडले, “अहो म्हसोबा, गाडी सुटली!” यांनी वर पाहिलं, हात हलवला, आणि काकूशी काहीतरी राहिलेलं बोलणं पुरं करायला परत वळले.